हळदकुंकू लावलेलं रिव्हॉल्व्हर चालतं का?

सुभेदार_हिंडलगा

खंडेनवमीला आपल्या एका सराफबंधूंनी फोटो टाकला होता. मखमलीच्या कापडावर .३२ चं रिव्हॉल्व्हर, त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. खाली ओळ: "लायसन्स घेऊन नऊ वर्षं झाली, देवाच्या कृपेनं एकदाही गोळी झाडावी लागली नाही." त्याखाली हात जोडलेल्यांची ही रांग. सणाचा दिवस म्हणून मी गप्प बसलो. आज बसवत नाही.

झाडावी लागली नाही ही देवाची कृपा, मान्य. पण नऊ वर्षांत झाडून बघितलीच नाही, ही कुणाची?

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला रिक्रूट होतो तेव्हा "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), ट्रिगर ऑपरेशन" हे आम्ही झोपेतसुद्धा बडबडायचो. पुढं सव्वीस वर्षं नोकरी झाली, रेंजवरचा सराव कधी चुकला नाही. तरीही दोन महिन्यांच्या सुट्टीवरून आलेल्या जवानाच्या पहिल्या पाच गोळ्या कुठं जातात, ते मी बट्समध्ये, म्हणजे टार्गेटखालच्या खंदकात बसून मोजलंय. ही रायफलची गोष्ट, जिला खांद्याचा आधार असतो. रिव्हॉल्व्हरची नळी जेमतेम तीन इंच. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, मागच्या खाचेत मिलिमीटरभर सरकली की दहा मीटरवर गोळी तीन-चार इंच बाजूला. आणि दचकून मनगट खाली गेलं तर हिशेबच नको.

दुसरं म्हणजे ती काडतुसं. फोटोत कातडी पट्ट्यात खोचलेली दिसली. कातड्यात राहिलेल्या पितळेवर हिरवा थर चढतो. आपल्याकडच्या पावसात नऊ पावसाळे काढलेली गोळी वेळेला पेटेल, या भरवशावर तुम्ही दुकान चालवताय?

माझं म्हणणं एवढंच आहे. आठवड्यातून दहा मिनिटं रिकामं शस्त्र हातात घ्या, वर्षातून दोनदा तरी रेंजवर जा. जमत नसेल तर विकून टाका. घरात सराव नसलेलं शस्त्र ठेवणं म्हणजे चोरासाठी जपून ठेवलेली भेट.

शहापूरचा_सराफ

काय ओ सुभेदारसाहेब, फोटो माझा, आणि पंचायत सगळ्या गावात? फोन केला असता तर चहा पाजला असता की.

आता ऐका. तुमच्या गोळ्या सरकारनं दिल्या, माझ्या मी विकत घेतो. माझ्या लायसन्सवर एका वेळी २५ आणि वर्षाला ५०. त्यातल्या सरावाला किती घालवू आणि वेळेला किती ठेवू? शेतात जाऊन एक बार काढला तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात मी, आणि तिसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव. रेंज म्हणता, कुठं आहे दाखवा. तुमची मिलिटरीची रेंज मला आत घेणार काय?

आणि मूळ गोष्ट. हे हत्यार झाडण्यासाठी नाहीच. दुकानात आहे हे चार जणांना माहीत आहे, तेवढं पुरे. दारात कुत्रा बांधलाय म्हणून तो चावतो की नाही हे रोज हात घालून बघायचं काय?

सुभेदार_हिंडलगा

कुत्र्याला चावायला शिकवावं लागत नाही. तुम्हाला लागतं.

निपाणीची_नेमबाज

सराफकाका, कुत्र्याचं उदाहरण आवडलं, पण पटलं नाही.

मी १० मीटर एअर पिस्तूल मारते, सरावाला कोल्हापूरला जाते. आमच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट्स, आणि दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. चार दिवस पिस्तूल हातात घेतलं नाही की ते बटण आणखी लहान होतं. २०१८ च्या एशियाडमध्ये राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं तेव्हा कोल्हापुरात पेढे वाटले गेले. त्या मेडलमागं कोऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल धरून उभं राहण्याचे किती तास असतील, ते पेढे खाणाऱ्यांना माहीत नसतं. गोळी नाही, आवाज नाही. चाप ओढताना माशी हलते का, एवढंच बघायचं. आमचा निम्म्याहून जास्त सराव असाच.

त्यामुळे "गोळ्या ५०च मिळतात" ही सबब अर्धीच खरी आहे. .१७७ इंच नळीची, २० जूलच्या आतल्या ताकदीची एअर पिस्तूल घ्यायला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्ससुद्धा लागत नाही. पकड आणि शिस्त तीच.

पण सुभेदारकाका, तुम्हीही थोडं जमिनीवर या. रेंज खरंच नाहीत. क्लबचं सदस्यत्व, येण्याजाण्याचा खर्च, आणि मुलगी म्हटल्यावर पहिल्या दिवशी "कुणाबरोबर आलीस?" हा प्रश्न. नोकरी करणाऱ्यानं हे कधी करायचं?

जांबोटीचा_शेतकरी

तुमचं पिस्तूल राहू द्या बाजूला. आमच्याकडं बारा बोअरची जुनी बंदूक हाय, पीक राखायची. सराव विचारताय? डुकरांचा कळप ऊसात शिरला की रोजच सराव, हवेत बार काढायचा. गव्यांना तर त्याचंबी काय वाटत न्हाई, मान वर करून बघतात आणि परत खातात.

आमचं दुखणं वेगळं. इलेक्शन आलं की बंदूक जमा. २०२३ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा, दोन्ही येळेला मे महिना. महिनाभर आदीच ठाण्यात. त्या महिन्यात डुकरांनी आचारसंहिता पाळायची काय? आणि परत आणली तर नळीत बोट घातलं तर बोट तांबडं. कुटल्या ठाण्यात ते सांगत न्हाई, परत तिथंच जायचंय.

वर ती पावती. हातानं लिवलेली, कन्नडात, आकडेबी कन्नड. माझ्या बंदुकीच्या नंबरात दोन एक हाईत. कन्नड एक असतो गोल, तोंड जरा उघडं. हवालदारानं घाईत तोंड मिटवलं, झालं शून्य. सोडवायला गेलो तर "ही बंदूक तुझी न्हवं." तीन हेलपाटे. तवर भुईमूग संपला.

नाक्यावरचा_आवाज

हेच! हेच म्हणतोय इतकी वर्षं! पावती मराठीत का नाही? भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यायचा, हे १९५६ पासून कागदावर आहे. जांबोटीच्या खानापूर तालुक्यात आम्ही १५ टक्केच आहोत होय? तिथं बंदुकीचा नंबर चुकतो, इथं सातबारा चुकतो, दवाखान्यात नाव चुकतं. सुभेदार, सरावाचं नंतर बघू, आधी हे बोला.

दोन्ही_भाषा_येतात

नाक्यावरचे, तुम्ही बेळगावात जन्मलात ना? लहानपणापासून बसवरचे कन्नड आकडे बघून बस पकडता. बस कधी चुकली नाही, पावती बरी चुकली! एक आणि शून्यात फरक कळत नसेल तर दोष भाषेचा, की हवालदाराच्या अक्षराचा? माझ्या मावशीचं कन्नड शाळेत मराठीच्या वरताण होतं, तिला कुणी सीमाद्रोही म्हटलं नाही.

नाक्यावरचा_आवाज

बस चुकली तर दुसरी येते. बंदुकीचा नंबर चुकला तर केस होते. आणि मावशीला मध्ये आणू नका, मावशी सगळ्यांनाच आहे. कन्नड येतं हो आम्हाला, बाजारात कन्नडच बोलतो. येणं वेगळं आणि लादणं वेगळं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडलाय, तोपर्यंत आकडे तरी सगळ्यांना वाचता येतील असे लिहा म्हटलं तर आम्ही भांडखोर?

दोन्ही_भाषा_येतात

भांडखोर नाही, पण धागा रिव्हॉल्व्हरचा आहे आणि तुम्ही त्यात सीमावादाचा महाजन आयोग घालायच्या बेतात आहात.

नाक्यावरचा_आवाज

तुम्हीच काढलात नाव! मी अजून काढलंच नव्हतं!

कॅम्पातला_वकील

दोघेही थांबा. जांबोटीकर, दोन गोष्टी कामाच्या. एक, शस्त्र ठाण्यातच जमा केलं पाहिजे असं नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये परवानाधारक विक्रेत्याकडेही ठेवायची सोय आहे. तो चार पैसे घेईल, पण नळीला तेल लावून ठेवेल. दोन, सरसकट सगळ्यांची शस्त्रं गोळा करायची नसतात, त्यासाठी स्क्रीनिंग कमिटी असते. आधी अर्ज द्या, पीक राखण्याचं कारण लिहा, पोच घ्या.

मूळ विषयावर: सुभेदारांचं म्हणणं कायदाही अर्धवटच मानतो. २०१६ च्या नियमांत नवीन अर्जदाराला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनं लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. म्हणजे एकदा शिका, मग पाच-पाच वर्षांनी फॉर्म भरा. नूतनीकरणाला "झाडून दाखवा" असं कुणी म्हणत नाही. गाडीच्या लायसन्सचंही तेच आहे म्हणा, आणि आपल्या गोगटे सर्कलला त्याचे परिणाम रोज दिसतात.

जांबोटीचा_शेतकरी

विक्रेता बेळगावात. आमच्याकडनं जायला-यायला दिवस मोडतो वकीलसाहेब. पण अर्जाचं बघतो. अर्ज कन्नडातच द्यायचा न्हवं?

नाक्यावरचा_आवाज

बघा!!

मडिकेरीचा_जावई

माझी सासुरवाडी कोडगूतली, म्हणजे कूर्गची. तिथं कोडवांना बंदुकीला लायसन्सची सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. कैलपोळ्दला तेही बंदुकांची पूजा करतात, आपल्या खंडेनवमीसारखीच. फरक असा की पूजा झाली की मैदानात जाऊन झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरतात. माझ्या सासूबाईंनी दुसऱ्या गोळीत फोडला. मी पाच घालवल्या, नारळ शाबूत. त्या दिवसापासून घरात माझा आवाज कमी आहे.

शहापूरचा_सराफ

जावईबापू, नारळ पळत नाही आणि नारळाच्या मागच्या खोलीत पोरगं झोपलेलं नसतं.

आता निघालंच आहे तर सांगतो. फोटोखाली "झाडावी लागली नाही" लिहिलं ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री अडीचला खाली शटरचा आवाज आला. मी कपाट उघडलं. होल्स्टरचं बटण निघेना, ओलीनं फुगलेलं. निघालं तर रिव्हॉल्व्हर मोडायची, म्हणजे गोळ्या भरायला उघडायची, कळ अंगठ्याला सापडेना. अंधारात मोडलं, गोळ्या भरायला घेतल्या, सहातल्या दोन फरशीवर. त्या गडगडत पलंगाखाली गेल्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी चार गोळ्या घेऊन जिन्यात उभा, हात असा हलतोय की नळीचं तोंड भिंतभर फिरतंय. मागनं बायकोनं लाईट लावला आणि "कोण आहे रेऽऽ" करून जी बोंब मारली, त्यानं चोर पळाले. शटरखाली कटावणी टाकून गेले.

मुलगा खालच्या मधल्या खोलीत झोपला होता. माझी नळी त्याच बाजूला होती. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तरी सुभेदारसाहेब, यातनं तुमचं म्हणणं खरं ठरतं असं समजू नका. यातनं बायको ठेवावी आणि रिव्हॉल्व्हर विकावं, एवढंच सिद्ध होतं.

सुभेदार_हिंडलगा

सराफ, हे लिहायला रिव्हॉल्व्हर झाडण्यापेक्षा जास्त हिंमत लागते. माझ्या पहिल्या पोस्टमधली "चोरासाठी भेट" ही ओळ मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही.

मीही एक सांगतो. गेल्या वर्षी ओळखीनं रेंजवर जायचा योग आला. वय एकसष्ट, डोळ्यावर दोन भिंगांचा चष्मा. खालच्या भिंगातून माशी दिसते तर टार्गेट धुकं, वरच्यातून टार्गेट दिसतं तर माशी गायब. सहातल्या दोन लागल्या. शेजारचा पोरगा "वा सर" म्हणाला. माझ्या हाताखालच्या जवानानं असं फायरिंग केलं असतं तर मी त्याला रेंजभर पळवलं असतं. घरी आल्यावर आठवडाभर मूड नव्हता. फोटो बघून चिडलो ते तुमच्यावर कमी, माझ्यावर जास्त, असं आमच्या सौ. म्हणतात.

नेमबाज पोरी, तुझं रिकाम्या पिस्तुलाचं बरोबर आहे. चष्म्याचं काय करतात ग तुमच्यात?

निपाणीची_नेमबाज

काका, माशीवर नजर बसेल असा एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं, माशी स्वच्छ हवी. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

सराफकाका, विकायच्या आधी एक करून बघा. पुढच्या वेळी रेंजचा योग आला की सहातल्या चार घरांत जिवंत गोळ्या आणि दोनांत झाडून रिकाम्या झालेल्या पुंगळ्या भरा. चक्र दुसऱ्या कुणाला तरी फिरवून बंद करायला सांगा, कुठल्या घरात काय आहे ते तुम्हाला कळता कामा नये. पुंगळीवर घोडा पडेल तेव्हा आवाज होणार नाही, पण मनगट खाली गेलेलं दिसेल. तोच तुमचा दोष. घरी करायचं तर फक्त पुंगळ्या, एकही जिवंत गोळी त्या खोलीत नको.

शहापूरचा_सराफ

काल दुकान बंद करून केलं. गोळ्या सगळ्या तिजोरीत, किल्ली बायकोकडं. सहा पुंगळ्या आमच्याकडं कुठल्या, विक्रेत्याकडनं मागून आणल्या. तो हसला.

आवाज होणार नाही हे माहीत असूनही तीन वेळा तोंड खाली गेलं. सुभेदारसाहेब, हे तुम्हाला खूश करायला लिहीत नाही, पोरीनं सांगितलं म्हणून केलं. काडतुसं पट्ट्यातनं काढली. हिरवी होती. चहाचं आमंत्रण अजून आहे, कुंदाही देतो, पण भाषण नको.

नाक्यावरचा_आवाज

विक्रेत्यानं पुंगळ्यांची पावती कुठल्या भाषेत दिली?

जांबोटीचा_शेतकरी

काल रात्री परत आली ओ. सोळा मोजली, पिल्लं सोडून.