‘वुदरिंग हाइट्स’ (१९३९): अर्धी कादंबरी गाळलेला सिनेमा ‘अभिजात’ कसा?

रात्रपाळी:
गेल्या रविवारी भाचीला विल्यम वायलरचा ‘वुदरिंग हाइट्स’ दाखवला. पोरीनं महिनाभरापूर्वीच एमिली ब्राँटेची कादंबरी संपवली होती, म्हटलं आता जुना कृष्णधवल ऐवज बाहेर काढू. शेवटी बर्फातून दोन भुतं जोडीनं कड्याकडे चालत गेली, सिनेमा संपला, आणि ती म्हणाली, “मावशी, याचा दुसरा भाग कुठे बघायला मिळेल?”

दुसरा भाग नाही, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

कादंबरीत चौतीस प्रकरणं आहेत. नायिका कॅथी सोळाव्या प्रकरणात मरते आणि सिनेमाची गोष्ट तिथेच आटोपते. कादंबरीत ती मरायच्या दोन तास आधी एका मुलीला जन्म देते. सिनेमात ते बाळच नाही. बाळ नाही म्हणजे पुढची अठरा वर्षं नाहीत. कॅथीच्याच घरात वाढलेला, तिच्यावर जीव टाकणारा हीथक्लिफ त्या मुलीला कोंडून तिचं आपल्या मरतुकड्या मुलाशी लग्न लावतो ते नाही. कॅथीच्या ज्या भावानं, हिंडलीनं, त्याला नोकरासारखं वागवलं, त्याच्या मुलाला, म्हणजे हॅरटनला, तो मुद्दाम अडाणी ठेवतो तेही नाही. आणि शेवटी तीच मुलगी हॅरटनला वाचायला शिकवते, जिथे हा सगळा सूड कोरडा पडतो, तेही नाही. हीथक्लिफ ज्या इझाबेलाशी पळून जाऊन लग्न करतो तिच्याच कुत्रीला फास लावून टांगतो ते तर सोडाच. उरतं काय? श्रीमंताशी लग्न केलेली नायिका आणि झुरणारा नायक.

त्या भुतांच्या शेवटाबद्दल: तो वायलरला मान्यच नव्हता, त्यानं चित्रित करायला नकार दिला. निर्माता सॅम्युएल गोल्डविननं तो दुसऱ्याकडून करून घेतला, तोवर हीथक्लिफ झालेला लॉरेन्स ऑलिव्हिए आणि कॅथी झालेली मर्ल ओबेरॉन मोकळे होऊन गेले होते म्हणून बदली माणसं पाठमोरी चालवली. म्हणजे ज्या दृश्यावर लोक डोळे पुसतात त्यात दिग्दर्शक नाही, नट नाही, नटी नाही आणि लेखिका तर नाहीच.

माझं म्हणणं सरळ आहे. सिनेमा म्हणून काय ते म्हणा, पण याला त्या कादंबरीचं रूपांतर म्हणू नये.

खिडकीतली जागा:
सपशेल असहमत.

रात्रपाळीताई, आता खरं सांगा. पहिली कॅथरीन, दुसरी कॅथरीन, एक लिंटन आडनावाचा, एक लिंटन पहिल्या नावाचा आणि त्याचं आडनाव हीथक्लिफ. कागदावर वंशावळ काढल्याशिवाय हे कुणी वाचलंय? पावणेदोन तासांत दोन पिढ्या कोंबल्या असत्या तर हातात गोषवारा आला असता. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांनी पटकथा लिहिताना जे धगधगतं होतं ते उचललं.

आणि प्रकाश बघा हो! ग्रेग टोलंडला या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं, ते उगीच नाही. मेणबत्तीच्या उजेडात छत खाली आल्यासारखं वाटतं, त्या घरात श्वास कोंडतो. बाहेर वादळ आणि खिडकीशी हीथक्लिफ कॅथीला हाक मारतोय, तो प्रसंग मी पंधराएक वेळा पाहिलाय. पुस्तकात तो तिसऱ्या प्रकरणातच आहे आणि सिनेमानं तो जसाच्या तसा राखलाय. खिडकी राखली, यातच सगळं आलं.

बोरकूट:
प्रकाश छान, पण उजाड माळ कुठला? यॉर्कशरचा नव्हे, कॅलिफोर्नियाचा. तिथल्या टेकड्यांवर हेदरची झुडपं आणून लावली होती. आणि कपडे? कादंबरीची सुरुवातच १८०१ सालची, कॅथीची गोष्ट त्याच्याही आधीची, म्हणजे व्हिक्टोरिया राणी जन्मायच्या आधीची. गोल्डविनला घेरदार झगे हवे होते म्हणून सगळा काळच पुढे सरकवला. लेखिका व्हिक्टोरियन होती एवढ्यावर पात्रांना झगे शिवले.

जुनं आणि कृष्णधवल दिसलं की आपल्याकडे लगेच हात जोडतात. तेव्हा रंगीत फिल्म महाग होती, बाकी काही नाही.

मध्यंतर:
बोरकूटराव, ‘बाकी काही नाही’ याला माझा विरोध नोंदवा. दोन उदाहरणं देतो.

१९३१ सालचा रूबेन मामूलियनचा ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’. सभ्य डॉक्टर जेकिलचा राक्षसी हाइड होताना फ्रेडरिक मार्चचा चेहरा कॅमेरा न थांबवता, फिल्म न तोडता बदलत जातो. करामत अशी: चेहऱ्यावर लाल रंगानं रेघा ओढलेल्या. भिंगापुढे लाल काच असेतो त्या दिसत नाहीत, काच बदलली की गडद होऊन वर येतात. रंगीत फिल्मवर ही चोरी पहिल्याच क्षणाला पकडली गेली असती. मार्चला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पुढे एमजीएम स्टुडिओनं १९४१मध्ये आपली आवृत्ती काढली तेव्हा या सिनेमाचे हक्क घेऊन तो बाजारातून गायबच केला. (यावर वेगळा धागा निघू शकतो.)

दुसरं, १९४५ सालचा ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’. अख्खा सिनेमा कृष्णधवल, फक्त डोरियनच्या पापांनी त्याच्याऐवजी सडत जाणारं त्याचं तैलचित्र मधूनच रंगीत. सडलेला डोरियन हिरव्या-लाल फोडांसह अंगावर येतो तेव्हा खुर्चीत दचकायला होतं. इव्हान ऑल्ब्राइटनं रंगवलेलं ते चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये टांगलेलं आहे. तिथे कृष्णधवलपणा पैसे वाचवायला नव्हता, रंगाचा तडाखा बसावा म्हणून राखला होता.

पेन्सिलटोक:
ताईंना एक प्रश्न. डिकन्सच्या कादंबरीवरचा डेव्हिड लीनचा १९४६ सालचा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ तुम्हाला आवडतो, हे तुम्ही मागे एकदा इथेच लिहिलं होतं. मग त्यानं ऑर्लिकला, म्हणजे नायक पिपच्या जिवावर उठलेल्या गड्याला, पूर्ण उडवला ते चालतं? पिपच्या बहिणीवरचा हल्ला, चुन्याच्या भट्टीपाशी पिपला बांधून ठेवणं, सगळं साफ. तिशी कधीच ओलांडलेला जॉन मिल्स विशीतला पिप म्हणून चालतो. शेवटही लीनचा स्वतःचा: पिप हवेलीतले पडदे ओरबाडून काढतो आणि उजेड आत येतो. डिकन्सनं असं काही लिहिलेलं नाही.

लीनला वेगळा न्याय आणि वायलरला वेगळा, हे कसं?

रात्रपाळी:
पेन्सिलटोक, बरोब्बर पकडलंत. पण फरक आहे.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ कशाबद्दल आहे? लाजेबद्दल. साध्या, प्रेमळ जोची, आपल्या लोहार मेहुण्याची, पिपला लाज वाटते आणि पुढे त्या लाजेचीच लाज वाटते. जो लंडनला येतो, टोपी कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही, पिप चडफडतो. हे सिनेमात आहे. आपण सभ्य गृहस्थ व्हायला निघालो आणि नकचढे झालो, असं पिप स्वतःच्या तोंडानं कबूल करतो. ऑर्लिक गेला तरी लाज जागेवर आहे. ‘वुदरिंग हाइट्स’ कशाबद्दल आहे? लहानपणी झालेला छळ माणूस पुढच्या पिढीवर कसा उगवतो, आणि ती पिढी त्यातून कशी सुटते, याबद्दल. पुढची पिढीच काढलीत तर उगवणार कुणावर?

खिडकीतली जागा, तुमची वंशावळीची तक्रारसुद्धा इथेच येते. त्याच तिसऱ्या प्रकरणात खिडकीच्या कट्ट्यावर तीन नावं कोरलेली आहेत: कॅथरीन अर्नशॉ, कॅथरीन हीथक्लिफ, कॅथरीन लिंटन. आई अर्नशॉची लिंटन झाली. मुलगी लिंटनची हीथक्लिफ झाली आणि शेवटी अर्नशॉ व्हायला निघाली. बाईनं तीच नावं उलट्या वाटेनं परत घरी आणलीत. हा गोंधळ नाही, हेच बांधकाम आहे. सिनेमानं खिडकी राखली आणि कट्टा फेकून दिला.

पेन्सिलटोक:
कट्ट्याचं मान्य. पण डिकन्सच्या शेवटाबद्दल थोडं राहिलं. त्याचा मूळ शेवट वेगळा होता: पिप आणि त्याची आवडती एस्टेला लंडनच्या रस्त्यावर ओझरते भेटतात आणि आपापल्या वाटेनं जातात. मित्र बुल्वर-लिटननं गळ घातली म्हणून त्यानं छापायच्या आधी तो बदलला. मूळ मजकूर डिकन्स गेल्यावर त्याचा मित्र फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून लोकांसमोर आला. म्हणजे डिकन्सच्या कानाशीही एक गोल्डविन होताच की! मग इमान कुठल्या शेवटाशी राखायचं?

कोकणकडा:
सगळे शेवटाबद्दल बोलताय, मला सुरुवातीबद्दल बोलायचंय.

हीथक्लिफ कोण? म्हातारा अर्नशॉ त्याला लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणतो. सावळा, काळ्या केसांचा, न समजणारी भाषा बोलणारा पोरगा. सहाव्या प्रकरणात लिंटनसाहेब त्याला बघून म्हणतात, हा एखादा ‘लास्कर’ असेल, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश वाट चुकलेला. लास्कर म्हणजे गोऱ्यांच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. बंगालचे, गुजरातचे, आपल्या कोकणपट्टीचेही. पुढच्याच प्रकरणात घरातली मोलकरीण नेली त्याची समजूत घालते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. एमिलीनं उत्तर दिलेलं नाही, पण प्रश्न वाचकाच्या डोक्यात बरोबर सोडलाय.

सिनेमात हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए. थोडा काजळलेला, बस्स. आणि कॅथी कोण? मर्ल ओबेरॉन. जन्म मुंबई, १९११. वाढली मुंबईत आणि कोलकात्यात. आईकडून रक्त आशियाई. स्टुडिओनं जगाला सांगितलं की बाई टास्मानियाची, आणि तिनंही ते जन्मभर सांगितलं. घरात सावळ्या बाईला मोलकरीण म्हणून दाखवायची, असं तिच्या चरित्रांत येतं. १९७९मध्ये ती गेली, खरी जन्मकथा त्यानंतर उघड झाली.

बघा आता. कादंबरीत ज्याच्या रंगावरून सगळं महाभारत घडतं त्याची भूमिका गोरा इंग्रज करतो. त्याला नाकारून गोऱ्या, सभ्य घरात लग्न करून जाणाऱ्या मुलीचं काम करते ती मुंबईची, रंग लपवून जगणारी बाई. ‘माझं त्याच्याशी लग्न झालं तर मी खाली उतरेन’ हे तिच्या तोंडी ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. आणि हो मध्यंतर, कृष्णधवल फिल्म कशी उपयोगी पडते याच्या तुमच्या यादीत हेही घाला.

(अवांतर: ऑलिव्हिएला कॅथी म्हणून विव्हियन ली हवी होती. ती दार्जिलिंगला जन्मलेली! तिला इझाबेलाचं काम देऊ केलं, ते तिनं नाकारलं. त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये ‘गॉन विथ द विंड’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री तीच.)

खिडकीतली जागा:
कोकणकडा, मुद्दा जबरदस्त आहे, पण तो बिचाऱ्या बाईच्या डोक्यावर आपटू नका. मूळ सांगितलं असतं तर तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये तिला नायिकेचं काम कुणी दिलं असतं? १९३५ साली तिला अभिनयासाठी ऑस्करचं नामांकन होतं. एवढं सगळं गेलं असतं.

कोकणकडा:
बाईवर राग नाहीच. उलट त्या सिनेमात मला दुसरं कुणी बघवत नाही. राग आहे तो ‘हीथक्लिफ गरीब होता म्हणून लग्न झालं नाही’ या सोप्या गोष्टीवर.

बोरकूट:
मग लीनलाही सोडू नका. १९४८चा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’. ॲलेक गिनेसचा फॅगिन, पोरांना चोरी शिकवणारा ज्यू म्हातारा, ते नाक! क्रुकशँकच्या मूळ रेखाचित्रांवरून बेतलं होतं म्हणे, म्हणजे इमान राखलं. ज्यूंची कत्तल थांबून जेमतेम तीन वर्षं झाली होती. बर्लिनमध्ये निदर्शनं झाली, अमेरिकेत १९५१पर्यंत अडकला आणि मग कापून दाखवला. खुद्द डिकन्सनं एका ज्यू बाईच्या पत्रानंतर पुढच्या आवृत्तीत फॅगिनला ‘तो ज्यू’ म्हणणं कितीतरी जागी गाळलं होतं. लेखक शहाणा झाला, सिनेमा ऐंशी वर्षांनी त्याच्या मागे गेला. कधीकधी पुस्तकाशी इमान नसलेलंच बरं.

मध्यंतर:
त्याच सिनेमात चोर बिल साइक्स नॅन्सीचा खून करतो तो बघा. खून दिसत नाही. बिल साइक्सचा कुत्रा दार ओरबाडत राहतो. बाकी सगळ्याला माफी नाही, पण त्या कुत्र्याला मात्र माझ्याकडून पूर्ण गुण.

रात्रपाळी:
बोरकूट, हे मला अडचणीत आणणारं आहे, कबूल. इमानापेक्षा लेखकाची बुद्धी कुठे निघाली होती ते बघावं, असं आता म्हणावंसं वाटतंय. पण मग गोल्डविन तर दोन्हीकडून हरतो!

जाता जाता आणखी एक फसवणूक. एमिलीची बहीण शार्लट ब्राँटेच्या कादंबरीवरचा १९४३चा ‘जेन एअर’, जोन फाँटेन आणि ऑर्सन वेल्सचा. पटकथेत आल्डस हक्सली, लहानपणीची एलिझाबेथ टेलर हेलन बर्न्स, सगळं काही थाटात. सुरुवातीला पुस्तक उघडतं, पान दिसतं, त्यावर जेन आपलं नाव आणि जन्मसाल सांगते. हे पानच खोटं आहे! कादंबरी सुरू होते ती त्या दिवशी फिरायला जाणं शक्य नव्हतं, अशा साध्या वाक्यानं. शिवाय तिचा पाद्री चुलतभाऊ सेंट जॉन जेनला हिंदुस्थानात मिशनरी म्हणून यायचा आग्रह करतो, त्यापायी तिला हिंदुस्तानी शिकायला बसवतो, तो अख्खा भाग गायब. आपल्या वाचकाला तिथेच तर गंमत वाटायची.

मध्यंतर:
त्यापेक्षा आपला ‘संगदिल’ (१९५२) बरा. जेन एअरवरूनच, दिलीपकुमार-मधुबाला, कृष्णधवल. खोटं पान नाही की काही नाही. सज्जादचं ‘ये हवा ये रात ये चाँदनी’ तलतनं गायलंय, ते ऐकताना ब्राँटे भगिनी आठवतसुद्धा नाहीत.

खिडकीतली जागा:
परवा रात्री सतरावं प्रकरण उघडलं. वंशावळ काढून शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवली आहे. आता एकतिसाव्यात आहे. सिनेमाबद्दलचं मत तेच.

हॅरटन अजून आवडलेला नाही. पण तो चोरून पुस्तकं जमवतो आणि ती पोरगी त्याच्या अडखळत वाचण्याला हसते, तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागलं. भाचीला सांगा.