डॉर्सेटला आपली माणसं नेली तेव्हा…

निळीशाई:
काल आईची शाल झटकली तर त्यातून चारमथचा, म्हणजे इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरचा, अमोनाइट (प्राचीन शंखधारी सागरी जिवाचा जीवाश्म) पडला. नखाएवढा, सोनेरी झाक असलेला. २०१७ साली ती आली होती. मी जुरासिक किनारा, ९५ मैल, २००१ पासून जागतिक वारसा, असं सगळं सांगत होते. ती खडे चाळत बसली होती. एक उचलून म्हणाली, "अगं, हा तर आपल्या देवघरातला शाळिग्राम!" खरंच की! गंडकीतले शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. घरी आल्यावर तिने त्यावर तुळशीचं पान ठेवलं. आता तिला प्रवास झेपत नाही. तुम्ही कोणाला नेलंत? लिहा ना.

मालवणकर:
डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांग.

सोनटक्का:
सासूबाईंचे गुडघे! डर्डल डोरला वरूनच समुद्रातली खडकाची कमान बघितली, खाली उतरणं शक्यच नव्हतं. कोणी वयस्कर असेल तर लुलवर्थ कोव्हला न्या, गाडीतळापासून साधा उतार आहे.

मालवणकर:
भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय चारमथहून लाइम रीजिसकडे किनाऱ्याने चालू नका! आम्ही मामांना घेऊन निघालो आणि पाणी कड्यापर्यंत यायला लागलं. मामा जन्माचे देवगडचे, लाट बघूनच म्हणाले, "मागे फिर." ऐकलं म्हणून वाचलो. कड्याखाली तर बसूच नका, दरडी कोसळतात.

रानजाई:
लेकीला लाइम रीजिसला जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगचा पुतळा दाखवला, २०२२ मध्ये बसवलाय. एका शाळकरी मुलीने तो व्हावा म्हणून मोहीम चालवली. १२-१३ वर्षांची मेरी इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा सांगाडा खणून काढते, हे ऐकल्यापासून लेक हातोडी मागतेय. तिथले दिव्याचे खांबसुद्धा अमोनाइटच्या आकाराचे!

पाटीलबुवा:
चेसिल बीच राहिला. १८ मैल नुसते गोटे. वेस्ट बेला वाटाण्याएवढे, पोर्टलंडला बटाट्याएवढे. बाबा चपला काढून चालले आणि दोन दिवस तळवे चोळत होते. तिथले गोटे उचलायला मात्र बंदी आहे हं.

सोनटक्का:
@रानजाई हातोडी नको गं, सुटे पडलेलेच भरपूर सापडतात. बरं, तू मागे दशम्या नेल्या होत्यास ना, तिसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहिल्या?

रानजाई:
दुधात भिजव, पाण्याचा थेंब नको. प्रमाण रात्री पाठवते, आत्ता कुकर लावलाय.

निळीशाई:
मलाही पाठव. आईला विचारलं, ती म्हणते चिमूटभर सुंठ घाल.