मदत हवी आहे: विटांनी बुजवलेली जुनी फायरप्लेस उघडायचीय, ग्राइंडर की ड्रिल?

नमस्कार मंडळी, आमचं घर ग्वाल्हेरला मुरारमध्ये, जुनं, दगडी भिंती, चुन्यातलं बांधकाम. पुढच्या खोलीत फायरप्लेस आहे पण मला कळतंय तेव्हापासून ती विटा रचून वरून सिमेंट मारून बंदच आहे. भोवतीची चौकट मात्र शाबूत आहे, इथल्याच फिकट दगडाची, दोन्ही बाजूंना बारीक वेल कोरलेला, आई दर दिवाळीला ओल्या फडक्याने एकेक पान पुसते. मिस्त्री म्हणतो ब्रेकर आणतो, अर्ध्या तासात मोकळं करून देतो, आणि मला नेमकं तेच नकोय, कारण त्या दणक्याने चौकट तडकली तर तसं कोरून देणारा माणूस आता कुठून आणू?

माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आणि 13 एमएमचं इम्पॅक्ट ड्रिल आहे. विचार असा की ग्राइंडरने दर्जा (विटांमधले सांधे) कापायच्या आणि एकेक वीट सैल करून काढायची. चालेल का? आणि वरच्या भिंतीचं वजन या विटांवर आलं असेल तर ते आधी कसं ओळखायचं? कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १ (इंदूरहून)
दादा, ब्रेकरला नाही म्हणालात ते बरं केलंत. पण ग्राइंडरही चौकटीजवळ नेऊ नका. पातं गोल असतं, कोपऱ्यापर्यंत कापायला गेलात की ते पुढच्या दगडात घुसणारच, शिवाय चार इंची पातं जेमतेम इंचभर खोल जातं, वीट त्याहून जाड. रोटरी हॅमर भाड्याने घ्या, एसडीएस वाला (बिट खटक्याने बसतो तो), ज्यात नुसतं ठोकायचा मोड असतो.

आधी वरचं प्लास्टर हाताने खरवडून बघा, फायरप्लेसच्या तोंडावर आडवी शिळा किंवा कमान आहे का आणि ती दोन्हीकडे भिंतीत नीट बसलीय का. नसेल तर तिथेच थांबा, टेका दिल्याशिवाय एकही वीट हलवायची नाही. असेल तर वरून दुसऱ्या थरातली मधली वीट धरा, तिच्या चारी बाजूंच्या दर्जेत ओळीने भोकं पाडा, ती निघाली की बाकीच्या मोकळ्या जागेकडे ढकलत काढता येतात. चौकटीला चिकटलेले तुकडे सगळ्यात शेवटी, छिन्नी-हातोडीने, घाव नेहमी दगडापासून लांब.

त्या भिंतीतल्या वायरिंगचा एमसीबी बंद ठेवा. एन-95 मास्क आणि गॉगल लावाच, विटा-दगडाच्या धुळीत सिलिका असते, रुमालाने ती अडत नाही. खाली ताडपत्री घाला, आत काजळी आणि पक्ष्यांची घरटी हमखास असतात.

प्रतिसाद २ (मुंबईहून)
उघडल्यावर लगेच पेटवू नका हो. धुराडं वरपर्यंत साफ करून आधी कागद जाळून धूर वर ओढला जातो का बघा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचला तर वासही येत नाही, झोपेतच माणूस जातो.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे. प्लास्टर खरवडलं, आडवी शिळा आहे, दोन्हीकडे चांगली वीतभर आत गेलीय आणि तिच्यात नि खालच्या विटेत बोटभर फट आहे, म्हणजे वजन विटांवर नाही. हॅमर इथल्याच लष्कर भागात भाड्याने मिळतोय. आता धुराड्याचं एकच विचारायचंय: गच्चीवर त्याच्या तोंडावर फरशी सिमेंटने बसवलीय, ती खालचं काम सुरू करण्याआधी काढू की नंतर?