ऑलमोस्ट फेमस: ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याशी दोस्ती करावी का?

धरमपेठकर:
दिग्दर्शक कॅमेरॉन क्रोचा २००० सालचा हा पिक्चर काल परत बघितला. लोक याला स्वप्नांचा पिक्चर म्हणतात, मला तो पत्रकारितेचाच वाटतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, १९७३ साल, विल्यम नावाचं पंधरा वर्षांचं पोट्टं रोलिंग स्टोन या संगीताच्या मासिकासाठी स्टिलवॉटर नावाच्या काल्पनिक बँडसोबत बसनी फिरून राहिलं, फोनवर आवाज जाड करून बोलते म्हणून संपादकाला वयच कळत नाही. समीक्षक लेस्टर बँग्स, हा खराखुरा माणूस होता, आधीच बजावतो की यांच्याशी दोस्ती करू नको. विल्यम नेमकी तीच करतो आणि मासिकातून बँडला खातरजमेचा फोन गेला तर गिटारवाला रसेल म्हणतो, बहुतेक खोटं आहे! लेस्टर बरोबरच होता न. आपल्या नागपुरातही मैफलीची बातमी 'रसिक मंत्रमुग्ध'च्या पुढे जात नाही कारण लिहिणारा अन् गाणारा मध्यंतरात सोबत चहा पितात.

तानपुरा२१:
नाही पटलं भाऊ. बँडचं विमान वादळात सापडल्यावर सगळे एकमेकांसमोर जे कबूल करतात ते पत्रकार परिषदेत सांगितलं असतं का कोणी? तो आत होता म्हणून दिसलं. आणि रसेल शेवटी स्वतः मासिकाला खरं सांगतो, पोराच्या घरी येऊन मुलाखत देतो, हे तुम्ही काहून सोडलं?

धरमपेठकर:
घरी आला कारण बँडसोबत फिरणाऱ्या पेनी लेन या पोरीनी त्याला स्वतःचा म्हणून विल्यमचा पत्ता दिला. तो तिला भेटायला निघाला होता, पोट्ट्याला नाही. पिक्चर परत बघ.

तानपुरा२१:
पण आल्यावर बसला न, बोलला न! क्रो स्वतः सोळाव्या वर्षी ऑलमन ब्रदर्स या खऱ्या रॉक बँडसोबत फिरला, त्यांचा गायक ग्रेग ऑलमनला संशय आला अन् त्यानी मुलाखतीच्या टेप काढून घेतल्या, नंतर परत दिल्या. भरवसा असाच तुटत-जुळत जातो, लांब बसून लिहिणाऱ्याला तो मिळतच नाही.

रातराणी:
मी इथल्या एका पेपरसाठी मैफलींवर लिहिते म्हणून बोलते. तुम्ही दोघं दोस्तीवर भांडताय पण माझ्या मते खरी गोष्ट त्या खातरजमेच्या फोनची आहे. एका गायकाबद्दल मी लिहिलं होतं की पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, जरा चढी घेतली, तार सप्तकात, वरच्या सुरांत, आवाज चिरकत होता, द्रुतमधे, म्हणजे जलद लयीत, मात्र बहार आली. गायक चांगल्या ओळखीचे, तरी लिहिलं. छापून आलं तर पट्टीचं वाक्यच गायब आणि मी न लिहिलेलं 'मंत्रमुग्ध' आत. मला कोणी विचारलं नाही, गायकांनाही नाही. तिकडे निदान फोन करून विचारणारं कोणी होतं, त्या फोनमुळे विल्यमचा लेख अडला तरी मला तो फोन हवा आहे. नवीन पोरांना स्वप्न बघा म्हणून सांगता, पण त्यांचं वाक्य वाचवणारा संपादक कुठून आणणार?

धरमपेठकर:
ताई, हे वाचून वाईट वाटलं. संपादकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण दोस्तीचं मी अजूनही म्हणतो, तुम्ही ओळख असून लिहिलंत, दहातले नऊ लिहित नाहीत.

तानपुरा२१:
ताई, ते मूळ लिखाण असेल तर इथेच टाका न पूर्ण. पट्टीच्या वाक्यासकट.