सावंतवाडीचा राजवाडा कुणी बांधला? आत काय बघायचं?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. सुट्टीत पोरांना घेऊन बेळगावहून आंबोलीला जायलोय, तर घाट उतरून सावंतवाडीचा राजवाडा पण दाखवावा म्हणतोय. वेंगुर्ल्याला जाताना दरवेळी मोती तलावाजवळ चहा घेऊन पुढं जातो, आत कधी गेलोच नाही. थोरली विचारायला लागलीय, वाडा कुणी बांधला आणि तिथले राजे भोसले म्हणजे साताऱ्याचेच काय? नीट माहिती असेल त्यांनी सांगा की.

खानापूरचा_वाचक:
साताऱ्याचे नव्हेत ओ, हे वाडीकर सावंत-भोसले. राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, त्यांची कारकीर्द 1755 ते 1803. 1763 साली त्यांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी झालं, त्या सोयरिकीमुळं दिल्लीच्या बादशहाकडून राजेबहादूर किताब मिळाला आणि नेमकं तेच कोल्हापूरकरांना खुपलं, त्यांनी वाडीवर चाल करून डोंगरी किल्ले घेतले, ते परत मिळाले तेही शिंद्यांच्याच वजनानं. पोरीला हे सांगा, एका लग्नावरून केवढं रामायण. मोती तलाव मात्र नंतरचा, 1874 चा.

कॅम्पवाला:
बेळगावचा संबंध पण सांगा तिला. रेल्वे यायच्या आधी इथल्या लष्करी छावणीचा माल वेंगुर्ला बंदरातून घाट चढून यायचा, आणि ह्याच रस्त्यावर आंबोली थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं कर्नल वेस्ट्रॉप ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं. आपण आज भजी खायला थांबतो तो घाट म्हणजे तेव्हाची बेळगावची नाडी होती.

टिळकवाडी_ताई:
वाड्याची भिंत बघून परत फिरू नका प्लीज, दरबार हॉलमध्ये गंजिफा बघा!! गोल पत्ते असतात, दशावताराचा संच 120 पानांचा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराची 12 पानं, त्यात राजा, प्रधान आणि 10 आकड्यांची. दिवसा खेळलं तर ज्याच्याकडं राम त्यानं सुरुवात करायची, रात्री कृष्णवाल्यानं. मला तर हा नियमच फार आवडतो. ही कला जवळजवळ संपलेली, वाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतली आणि वाड्यातच कारागीर बसवले. कुंचल्याची एकेक बारीक रेघ कशी ओढतात ते उभं राहून बघा, घाई करू नका. राजवाडे पुष्कळ आहेत, पण कारागिरांना दरबारात जागा देणारे किती?

शहापूरकर:
ताई, हे वाचून थोरली आत्ताच पत्ते मागायला लागली! खेळता येईल असा संच मिळतो काय, का नुसता शोकेसमध्ये ठेवायचा?

टिळकवाडी_ताई:
मिळतो की. दरबारी संचाला नक्षीची किनार असते, तो महाग. खेळायला बिनकिनारीचा बाजार संच विचारा. हातानं रंगवलेला असतो त्यामुळं स्वस्त असा नाहीच, पण घासाघीस करू नका त्यांच्याशी. आणि जायच्या आधी वाडा कधी उघडा असतो ते फोन करून विचारून घ्या.