‘वेतुस’ची रूपे आणि त्यामागचे जुने नाम

‘जुना’ या अर्थाचे लॅटिन विशेषण ‘वेतुस’ हे ‘भाग्यवान’ या अर्थाच्या ‘फेलिक्स’ या विशेषणाप्रमाणेच चालते, असे कोणी म्हणेल. प्रथमेच्या एकाच एकवचनी रूपावर तिन्ही लिंगांचे काम भागते एवढ्यापुरते ते बरोबर आहे. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. ‘फेलिक्स’ची पंचमी ‘फेलिकी’, नपुंसकलिंगी अनेकवचन ‘फेलिकिया’ आणि षष्ठीचे अनेकवचन ‘फेलिकियुम’. ‘वेतुस’ची तीच रूपे सामान्यतः ‘वेतेरे’, ‘वेतेरा’, ‘वेतेरुम’. म्हणजे विशेषणांत सर्रास आढळणारे इकारान्त वळण, ‘फेलिकी’, ‘फेलिकिया’मध्ये दिसणारा तो ‘इ’, येथे नाही.

याचे कारण माझ्या मते व्युत्पत्तीतच आहे. हा शब्द मुळात ‘वर्ष’ या अर्थाचे सकारान्त नपुंसकलिंगी नाम असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ग्रीक ‘एतोस’ त्याच कुळातला आहे, आणि आपला ‘संवत्सर’ही. त्यामुळे षष्ठीत ‘गेनुस’चे (‘कुळ’) ‘गेनेरिस’ व्हावे तसे ‘वेतुस’चे ‘वेतेरिस’ होते, कारण दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ झाला. तमभाव ‘वेतेर्रिमुस’ (‘सर्वांत जुना’) याच अंगापासून बनतो; तरभावासाठी (‘अधिक जुना’) मात्र अभिजात लेखक बहुधा ‘जुना’ याच अर्थाच्या ‘वेतुस्तुस’कडून उसना घेतलेला ‘वेतुस्तिओर’ वापरतात.