प्रिन्स ऑफ पर्शियाचे पुढे काय, आणि खेळाला कला म्हणावे का? आपले अनुभव लिहा

मांडवीकाठ
युबिसॉफ्ट या कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या संगणकीय खेळांच्या मालिकेतील 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती जानेवारी २०२६ मध्ये रद्द केल्याचे वाचले आणि मनाला चुटपुट लागून राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते, म्हणून आपल्याकडच्या मंडळींना त्याचे अंमळ जास्तच कौतुक होते. पुढे पहिल्या झलकीतील चेहऱ्यांची जगभर टिंगल झाली, तारखा लांबत गेल्या, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेले, आणि जो खेळ जानेवारी २०२१ मध्ये हाती यायचा होता तो पाच वर्षांनी गुंडाळला गेला.

त्या निमित्ताने १९८९ चा मूळ खेळ आठवला. माझे वडील एका खाण कंपनीत हिशेबाच्या कामाला होते आणि रविवारी बार्जांच्या नोंदी पुऱ्या करायला जाताना मला बरोबर नेत. तेथील संगणकावर कोणीतरी 'प्रिन्स' चढवून ठेवला होता. साठ मिनिटांत तळघरातून निघून राजकन्येपर्यंत पोहोचायचे, एवढीच गोष्ट. परंतु तो पांढऱ्या कपड्यांतील मुलगा कठड्याला लोंबकळून अंग वर ओढून घेताना ज्या कष्टाने ओढून घेई, तसे कष्ट घेताना पडद्यावरचा दुसरा कोणताही आकार मी तोवर पाहिला नव्हता.

परवा घरी हा विषय निघाला तेव्हा एका पाहुण्यांनी "खेळ तो खेळ, त्याला कला कशाला म्हणता?" एवढे बोलून विषय मिटवला. मला तो मिटू द्यायचा नाही. आपण काय खेळलात, काय लक्षात राहिले आणि या मालिकेचे पुढे काय व्हावे असे वाटते, ते लिहावे.

जुना डॉस
पहिली पातळी संपली की कुप्यांनी भरलेली खोली येत असे. पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतील अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते, ते ओळखून त्या अक्षराची कुपी प्यायची आणि चुकलात तर मरायचे. नकली प्रती रोखण्यासाठी केलेली ती सोय होती. म्हापशाच्या आमच्या संगणक वर्गात मूळ पुस्तिका कोणी पाहिलेली नव्हती. होता तो हाताने आखलेल्या कोष्टकाचा एक झेरॉक्स कागद, आणि तो ज्याच्या वहीत असे त्याला शिक्षकांपेक्षा अधिक मान मिळे. कलेतले मला कळत नाही. 'मेगाहिट' हा पातळ्या ओलांडू देणारा चोरवाटेचा शब्द टाकून खेळणाऱ्यांनी मात्र येथे लिहू नये, अशी नम्र विनंती.

खुबे
जुना डॉस, मी शेवटची पातळी 'मेगाहिट'च्या कृपेनेच पाहिली आहे. आपली विनंती अमान्य.

केवडा
भात कुकरला लावून लिहीत आहे, त्यामुळे शिट्ट्या होईपर्यंतच.

मी पणजीत ॲनिमेशन शिकवते, आणि मांडवीकाठ यांनी लिहिलेले ते 'अंग ओढून घेणे' कोठून आले हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. या खेळाचे निर्माते जॉर्डन मेकनर यांनी १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, एका वाहनतळावर धावायला, उड्या मारायला आणि भिंतीवर चढायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते चित्रण एकेका चौकटीवर थांबवून छायाचित्रे काढली, आकृतीच्या कडा गिरवल्या आणि त्या ॲपल टू संगणकात उतरवल्या. त्या मुलाच्या चालीत वजन दिसते, कारण ते एका खऱ्या माणसाचे वजन आहे. संगीत त्यांच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी रचले. एका घराने इतक्या निगुतीने घडवलेल्या वस्तूला कला न म्हणायचे असेल, तर तसे म्हणणाऱ्याने कारण द्यावे, असे मला वाटते.

नाट्यवेडा
केवडाताई, कारण मी देतो. गावच्या जत्रेत मी बरीच वर्षे नाटकात उभा राहतो, तेव्हा थोडेफार बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो.

नाटक पाहणारा माणूस हतबल असतो. नायक विनाशाकडे चालला आहे हे त्याला दिसत असते, तरी खुर्चीवरून उठून तो त्याला थांबवू शकत नाही, आणि लेखकाने ठरवलेले भोगावे लागते म्हणूनच तो प्रसंग त्याच्या काळजाला भिडतो. खेळात मात्र नायक खड्ड्यात पडला की पुन्हा सुरुवात करता येते, आणि 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये तर, माझ्या पुतण्याने दाखवल्याप्रमाणे, खंजिराचे बटण दाबून काळच मागे नेता येतो. जेथे प्रत्येक चूक पुसता येते तेथे शोकांतिका संभवत नाही. अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये हेच वेगळ्या रीतीने मांडले होते : खेळात नियम असतात, गुण असतात, खेळ जिंकता येतो, आणि कलाकृती जिंकता येत नाही, ती अनुभवायची असते.

खुबे
नाट्यवेडा, त्याच ईबर्टसाहेबांनी त्याच वर्षी जुलैमध्ये लिहिले की हा विषय आपण काढायलाच नको होता. न खेळताच मत दिल्याचेही मान्य केले. मत सोडले नाही, ही गोष्ट वेगळी.

अळमी
नाट्यवेडा, आपण मूळ खेळाची बारावी पातळी पाहिली नसावी. लांब लिहीत आहे, क्षमस्व, परंतु या मालिकेतील माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट तेथे आहे.

चौथ्या पातळीत वाट अडवणारा एक आरसा येतो. धावत जाऊन त्यातून उडी मारावी लागते, आणि त्या क्षणी आपले प्रतिबिंब दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पळून जाते. पुढे ही छाया आपल्या वाटची कुपी पिऊन टाकते आणि एके ठिकाणी आपल्या तोंडावर दार बंद करून आपल्याला खाली पाडते. बाराव्या पातळीत ती तलवार उपसून समोर उभी राहते. आपणही तलवार उपसतो, कारण आतापर्यंत खेळाने आपल्याला तेवढेच शिकवलेले असते, आणि पहिला घाव बसताच आपलीच शक्ती कमी होते. तिला मारले तर आपणही मरतो. उपाय एकच : तलवार म्यान करायची आणि निःशस्त्र होऊन तिच्या अंगावर चालत जायचे. दोघे एक होतात. त्यानंतर जेथे जमीन नाही तेथे पाऊल टाकले की पायाखाली फरशी उमटत जाते.

हे कोणत्याही पात्राच्या तोंडून सांगितलेले नाही. रंगमंचावर नटाने तलवार टाकली असती तर मी टाळी वाजवली असती. येथे टाकायची होती ती मला, आणि माझे बोट ते करायला तयार नव्हते. प्रेक्षकाची हतबलता हे एक साधन आहे हे मान्य, परंतु खेळणाऱ्याचा हट्ट हेही तितकेच मोठे साधन आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही कलेकडे नाही.

या छायेचा जन्म टंचाईतून झाला, हेही सांगायला हवे. ॲपल टूच्या स्मृतीत नव्या शत्रूची चित्रे मावत नव्हती, म्हणून नायकाचीच चित्रे थोडी बदलून वापरण्यात आली. आज शेकडो माणसांच्या चमूला सर्व काही उपलब्ध असताना असे काही का सुचत नाही, हा माझा या मालिकेच्या भवितव्याविषयीचा खरा प्रश्न आहे.

केवडा
अळमी, हे वाचताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताची जबाबदारी आपली.

सत्तरीकर
'जिंकता येते म्हणून कला नाही' या मुद्द्याविषयी. गोव्यात चतुर्थीला आपण गणपतीसमोर माटोळी बांधतो. रानातली फळे, कंदमुळे, सुपारीचे घोस, पाने शोधून आणायची, चौकटीला टांगायची आणि विसर्जनानंतर उतरवून टाकायची. सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या स्पर्धा घेते, परीक्षक येतात, क्रमांक लागतात. क्रमांक लागला म्हणून माटोळी कला राहत नाही, असे म्हणणारा मला सत्तरीत तरी भेटलेला नाही. शिवाय न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पॅक-मॅन, टेट्रिस असे १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले, तेव्हा हा वाद मिटला असे मी धरून चालतो.

नाट्यवेडा
माटोळीचा मुद्दा मान्य, आणि तो मला सुचला नव्हता. संग्रहालयाचा मात्र मान्य नाही. ते खेळ तेथील वास्तुकला आणि डिझाइन विभागाने घेतले आहेत, आणि त्या विभागात उत्तम खुर्च्याही आहेत.

रायबंदर
२००८ च्या 'प्रिन्स'विषयी कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहिते. त्यात आपण मरतच नाही. पडू लागलो की नायकाची सोबतीण एलिका हात देऊन वर घेते, म्हणून त्या वेळी 'हा फार सोपा आहे' अशी ओरड झाली. नाट्यवेडा, आपल्याला हवी असलेली शोकांतिका त्यात आहे. संपूर्ण खेळ अहरिमान या दुष्ट शक्तीला कोंडण्यासाठी खेळायचा, शेवटी एलिका त्यासाठी प्राण देते, आणि मग तिला परत आणण्यासाठी नायक जीवनवृक्ष तोडत जातो, म्हणजे इतका वेळ बांधलेले सर्व आपल्याच हाताने सोडवतो. मी ती झाडे तोडताना मोठ्याने "नको, नको" म्हणत होते, आणि आई स्वयंपाकघरातून काय झाले म्हणून पाहायला आली. काळ मागे नेण्याची सोय त्या खेळात नाही.

जुना डॉस
रायबंदरताई, त्या खेळाचा शेवट मला तेव्हा संतापजनक वाटला होता आणि आजही वाटतो. तीच त्याची थोरवी असेल तर असो.

दूधसागर
कला-बिला ठीक, पण भवितव्य धंदा ठरवतो. 'असॅसिन्स क्रीड' हा मुळात 'प्रिन्स'चाच पुढचा भाग म्हणून सुरू झाला, २००७ मध्ये वेगळ्या नावाने आला आणि लेकराने बापाची जागा घेतली. जानेवारी २०२४ चा 'द लॉस्ट क्राउन' हा माँपेलियेच्या स्टुडिओने केलेला, समीक्षकांनी वाखाणलेला खेळ. अपेक्षेइतका खपला नाही आणि त्याच वर्षी तो चमू विखुरला गेला. इतके चांगले काम करून ही गत, तर पुढचा कोण धाडस करील?

पेडणेची पाऊलवाट
'द लॉस्ट क्राउन' मी फारसी आवाजांत खेळलो. पर्शियाचे नाव लावून चालत आलेल्या या मालिकेत पात्रांना पहिल्यांदा फारसी बोलताना ऐकले. इराणी पुराणकथांतील काफ पर्वत, सिमुर्ग पक्षी हे सर्व त्यात त्यांच्या मूळ घरी परतल्यासारखे वाटते. त्यातील एक सोय फार आवडली : जी वाट आत्ता उघडत नाही तिचे चित्र काढून नकाशावर टाचून ठेवता येते. वडिलांनी ते पाहून "अभ्यासात असे काही करत जा" असा सल्ला दिला. दूधसागर यांचे निदान खरे आहे, पण माझ्या मते पुढची वाट अशाच मध्यम आकाराच्या खेळांची आहे. 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' हाही एका लहान बाहेरच्या चमूने केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. भव्य पुनर्निर्मितीचा हट्ट सोडला, तर मालिका जगेल.

मुक्काम पुणे
मूळचा मडगावचा, सध्या पुण्यात खेळांच्या क्षेत्रात, परंतु या लेखात आलेल्या कंपनीत नाही. २०२० च्या झलकीची टिंगल करणाऱ्यांत माझे मित्रही होते. एक गोष्ट सांगतो. झलक हा चालू कामातील एक तुकडा असतो. त्यात कोणाच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडतो यावर एखाद्याचे महिने गेलेले असतात आणि वेळापत्रक दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. रद्द झालेल्या नाटकाची निदान तालीम कोणीतरी पाहिलेली असते. रद्द झालेला खेळ कोणालाही दाखवण्याची परवानगी नसते, आणि ज्याने तो केला त्याला नोकरी शोधताना ते काम पुढे ठेवताही येत नाही. खेळ कला आहे की नाही हा वाद चालू राहो, पण तो करणारे कलाकार आहेत, एवढे धरून बोलावे.

नाट्यवेडा
मुक्काम पुणे, हे पटले. आमची संहिता निदान पेटीत राहते.

मांडवीकाठ
मूळ 'प्रिन्स'ची संहिता हरवली होती. मेकनर यांच्या वडिलांना घरी जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि २०१२ मध्ये तो ॲपल टू आवृत्तीचा कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यामुळे कंपनीने काहीही ठरवले तरी तो पहिला खेळ कसा बांधला होता, ते कोणालाही ओळ न् ओळ वाचता येते.

नाट्यवेडा
पुतण्याने तो जुना खेळ माझ्या लॅपटॉपवर घालून दिला आहे. तिसऱ्या पातळीतील सांगाडा कितीही वार केले तरी मरत नाही. तो कसा मारायचा, एवढेच सांगावे. कलेविषयी माझे मत पूर्वीचेच आहे.

जुना डॉस
तो तलवारीने मरत नाही. रेटत रेटत कडेपर्यंत न्यावा आणि खाली पाडावा. 'मेगाहिट'चा विचार मनात आणू नये.